लंडनला जाताना देव कुठे ठेवावा

विमानात न्यायच्या बॅगेचे वजन आम्ही सोयाबीन मोजण्याच्या काट्यावर केले होते. ते २३ किलोंच्या आत बसल्याचे पाहून घरातले सगळे निश्चिंत झाले, तेव्हा आजीने विचारले, "अन् देव कुठं ठेवशीन?" अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातल्या आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. व्हिसा, भाड्याची खोली, थंडीचे कपडे यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटले होते. परक्या शहरात गेल्यावर आपल्या देवाधर्माचे आणि दुसऱ्याच्या देवाधर्माचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. शिक्षणासाठी वर्षभर लंडनमध्ये राहून आल्यावर जे कळले, ते आपल्या भागातून पहिल्यांदाच इतक्या दूर जाणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे. मी या विषयातला जाणकार नाही. चुका करत शिकलो, आणि त्यांतल्या बऱ्याच चुका कोणी आधी सांगितले असते तर टळल्या असत्या.

सुरुवात बॅगेपासूनच करावी. भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे शेगावहून आणलेला पेढ्यांचा पुडा कितीही श्रद्धेने बांधून दिलेला असला तरी तो घरीच वाटून टाकावा. घरच्या तुपाचेही तेच. कापूर आणि काडेपेटी ज्वलनशील असल्यामुळे सामानात घालू नयेत. सुके खोबरेही नेता येत नाही, हे ऐकून आईला फार आश्चर्य वाटले होते; पण त्यातल्या तेलामुळे ते साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकते, असे त्यामागचे कारण आहे. अंगाऱ्याची पुडी, कुंकवाची डबी, तुळशीची माळ आणि पोस्टकार्डाएवढे दोन फोटो, आमच्याकडे गजानन महाराजांचा आणि तुकडोजी महाराजांचा, एवढे पुरते. पितळेची समई नेऊ नये, कारण ती तेथे लावता येण्याची शक्यता फार कमी असते. मात्र एक वस्तू विसरू नये, आणि ती म्हणजे उन्हाळ्यात वावरात जाताना आपण डोक्याला बांधतो तो सुती दुपट्टा. देवाधर्माच्या कामी माझ्या सामानातली दुसरी कोणतीही वस्तू इतकी आली नाही.

समईचे कारण खोलीवर पोहोचल्यावर कळते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा इशारा देणारे यंत्र बसवणे घरमालकाला बंधनकारक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत तर मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावायलाही सहसा बंदी असते. हे मला करारनाम्यात वाचायला मिळाले होते, पण "एका उदबत्तीने काय होते" असे म्हणून मी संक्रांतीच्या संध्याकाळी ती लावली. दोन मिनिटांत सबंध इमारतीत भोंगा वाजू लागला आणि चार मजल्यांवरची माणसे, कोणी झोपण्याच्या कपड्यांत, कोणी ओल्या केसांनी, जानेवारीच्या थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहिली. चूक कोणाची हे लपणे शक्यच नव्हते, कारण वास माझ्या दारातून येत होता. शेवटी मी खोलीतून तिळगुळाचा डबा आणला आणि कुडकुडणाऱ्या त्या लोकांना एकेक लाडू देऊन, गोड बोलण्याची आपली विनंती तिथल्या भाषेत समजावून सांगितली. बहुतेकांनी ती मान्य केली. एका मुलाने नाही केली, आणि त्याचेही बरोबरच होते. तेव्हा बॅटरीवरचा दिवा घ्यावा, धूप आणि उदबत्ती यांचा मोह सोडावा आणि घंटी वाजवायचीच असेल तर शेजाऱ्याची झोप कोणत्या वेळी असते ते आधी विचारावे. तेथे रात्रपाळी करणारे पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट कालनिर्णयाची. गावाहून नेलेले पंचांग भिंतीवर लावायला छान दिसते, पण उपासाला ते चालत नाही. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, सूर्योदयाची वेळही वेगळी असते, त्यामुळे एकादशी कधी कधी एका दिवसाने सरकते. संकष्टीचे तर विचारूच नये. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. मोबाइलवरच्या पंचांगात ठिकाण म्हणून लंडन निवडले की त्या शहराच्या वेळा मिळतात. तरीही ज्याला सकाळी उठून काम करायचे आहे त्याने चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी दोन महिन्यांनंतर सोडून दिले आणि घरी तसे सांगितलेही. आमच्या वसतिगृहात रोजा ठेवणारी मुले होती. रमजान कधी उन्हाळ्यात आला तर तेथे रोजा किती लांबत असेल याचा हिशेब त्यांच्यासोबत बसून केल्यावर माझी संकष्टी मला फारशी कठीण वाटेनाशी झाली.

तिथल्या सणांचेही भान ठेवावे लागते. नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबरला, लंडनमध्ये भुयारी रेल्वे, बस आणि आगगाड्या बंद असतात, आणि २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा आदल्या दिवशीच दूध, भाजी आणून ठेवावी व चालत जाता येईल अशा अंतरावरच्या कोणाकडे तरी जेवणाचे ठरवावे. नाहीतर तो दिवस वर्षातला सर्वांत एकटा दिवस ठरतो. रविवारी मोठी दुकाने फक्त सहा तास उघडी असतात, हा नियम १९९४ सालच्या कायद्याने आला आहे. हे दोन्ही नियम मुळात ख्रिस्ती धर्माच्या पवित्र दिवसांशी जोडलेले आहेत, पण दुकानाच्या बंद दाराशी उभा राहणारा माणूस त्याला धर्म म्हणत नाही, गैरसोय म्हणतो. फटाके रात्री ११ नंतर उडवता येत नाहीत. दिवाळीच्या रात्री मात्र ही मर्यादा पहाटे १ पर्यंत वाढवलेली आहे. आपल्या सणासाठी त्यांच्या कायद्यात जागा आहे हे पाहून मला बरे वाटले, आणि १ वाजून गेल्यावरही फटाके उडवणारे आपलेच लोक पाहून तितकेच वाईट वाटले. ट्राफलगर चौकात दिवाळीचा मोठा सार्वजनिक कार्यक्रम होतो, पण तो बहुधा प्रत्यक्ष दिवाळीच्या तिथीला नसतो, म्हणून तारीख आधी पाहून घ्यावी.

आता मुख्य भागाकडे येतो. लंडनमध्ये धर्म पाहायचा असेल तर रस्त्यावर तो फारसा दिसत नाही. आपल्याकडे पारावर, एसटीत, ट्रॅक्टरच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, सगळीकडे देव असतो. तेथे तो दाराच्या आत असतो आणि दार आपणच ढकलावे लागते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि कोणताच धर्म नाही असे सांगणारे ३७.२ टक्के होते. त्यामुळे चर्चच्या इमारतीत आता घरे किंवा खानावळी असल्याचेही तेथे दिसते. मला पहिल्यांदा धक्का बसला होता. पण घाईने "यांचा धर्म संपला" असे मनाशी ठरवू नये. आधी एखाद्या चालू चर्चमध्ये संध्याकाळी जाऊन बसावे.

त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग ईव्हनसाँग या सायंप्रार्थनेचा आहे. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल या दोन्ही ठिकाणी पर्यटकांना तिकीट लागते, आणि ते आपल्या खिशाला जड जाते. परंतु प्रार्थनेला येणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. प्रार्थनेच्या अर्धा तास आधी जावे, दारावरच्या माणसाला प्रार्थनेसाठी आलो आहे असे स्पष्ट सांगावे, मोबाइल बंद करावा आणि मागच्या बाजूला बसावे. बाकीचे उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. कोणी तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. पाऊण तासाच्या या प्रार्थनेत बहुतेक भाग गायकवृंद म्हणतो, आणि ठरलेल्या क्रमाने स्तोत्रे येत राहतात. या प्रार्थनेचा जुना पाठ १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून चालत आलेला आहे. मी एका बुधवारी गेलो तेव्हा श्रोते जेमतेम तीस होते आणि गाणारे वीसच्या आसपास. तरीही एकही कडवे गाळले नाही, एकही ओळ घाईने म्हटली नाही. आमच्या गावच्या मंदिरात कापूस वेचणीच्या दिवसांत हरिपाठाला पाचच माणसे असतात, तरी बुवा सत्ताविसावा अभंग संपेपर्यंत टाळ खाली ठेवत नाहीत. त्या दगडी इमारतीत मला त्यांची आठवण झाली, आणि त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच मी कोठे तरी नीट बसलो आहे असे वाटले.

रविवारी सकाळची प्रार्थना मात्र निराळी असते. तिच्यात भाविक रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू त्यांना भाकरीचा तुकडा व द्राक्षारस देतात. आपल्याला तो प्रसाद वाटतो आणि प्रसाद नाकारू नये हे आपल्या हाडीमासी भिनलेले असते, म्हणून मीही उठून रांगेत अर्ध्यापर्यंत गेलो होतो. शेजारच्या वृद्ध बाईंनी हलकेच बाही धरून थांबवले. तो संस्कार बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसांसाठी असतो. इतरांनी जागेवरच बसून राहावे, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर दुमडून धरावेत, म्हणजे धर्मगुरू केवळ आशीर्वाद देतात. ही एक खूण लक्षात ठेवली तर पुढची फजिती टळेल.

गुरुद्वाऱ्याचे दार आपल्यासाठी सर्वांत सोपे. साउथॉलमध्ये २००३ साली उघडलेला श्री गुरू सिंग सभेचा मोठा गुरुद्वारा आहे. तेथे जोडे काढावेत, हात धुवावेत, डोके झाकावे. टोपी नको, रुमाल किंवा दुपट्टा हवा. तंबाखू किंवा सिगारेट खिशातही नसावी, आणि खर्ऱ्याची पुडी ही त्यातच मोजावी, हे आपल्या भागातल्या मुलांना वेगळे सांगावे लागते. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा आणि लंगरमध्ये जेवढे खायचे तेवढेच वाढून घ्यावे. ज्याने शेगावच्या महाप्रसादाची पंगत पाहिली आहे त्याला तेथे काहीच नवे वाटणार नाही, एवढेच की वाढणारा मनुष्य कदाचित टॅक्सी चालवणारा असेल आणि भांडी घासणारा डॉक्टर. महिनाअखेरीला पैसे संपल्यावर मी तेथे जेवलो आहे, यात लपवण्यासारखे काही नाही. पण जेवून लगेच निघून जाऊ नये, तासभर भांडी घासावीत. भांडी घासता घासता एका आजोबांना मी महाराष्ट्रातला आहे असे कळले, तेव्हा त्यांनी मला नामदेवांविषयी विचारले. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मी शाळेत कधीतरी वाचले होते. त्यांतले एक पद त्या आजोबांना पाठ होते आणि मला नव्हते.

मशिदीत जाताना नागपूरच्या ताजबागचा अनुभव काहीसा उपयोगी पडतो आणि काहीसा अडचणीचा ठरतो. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर आपण फुले नेतो, चादर चढवतो, नवस बोलतो. व्हाईटचॅपेलच्या ईस्ट लंडन मशिदीत यांपैकी काहीही नाही, तेथे फक्त नमाज आहे. आधी विचारून जावे, शुक्रवारी दुपारच्या गर्दीत पाहुणा म्हणून जाऊ नये, नमाज पढणाऱ्याच्या समोरून चालू नये, आणि मुलींनी स्त्रियांसाठीचा वेगळा भाग कोणता ते दारावरच विचारून घ्यावे. यहुदी लोकांच्या प्रार्थनागृहात, उदाहरणार्थ १७०१ सालच्या बेव्हिस मार्क्स येथे, भेट आधीच ठरवावी लागते व ओळखपत्र सोबत असावे लागते. सुरक्षारक्षकाने चार प्रश्न विचारले तर राग मानू नये. त्यांच्यावरच्या हल्ल्यांचा इतिहास लांब आहे. पुरुषांनी डोके झाकायचे असते आणि तेथे कोणतीही टोपी चालते. माझ्या वडिलांनी आग्रहाने दिलेली पांढरी टोपी माझ्या वर्षभरात तेवढ्या एकाच ठिकाणी उपयोगी पडली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. त्या काळात तेथे फोटो काढू नये आणि वहीत टिपणही करू नये.

हे सगळे धर्म एकाच इमारतीत पाहायचे असतील तर ब्रिक लेनवर जावे. तेथील जामे मशिदीची इमारत १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी आपले प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्ट पंथाकडे गेली, १८९८ साली पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी लोकांचे प्रार्थनागृह झाली, आणि १९७६ पासून, मुख्यतः सिल्हेटकडच्या बांगलादेशी वस्तीमुळे, मशीद आहे. वर भिंतीवर जुने सूर्यघड्याळ अजून आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये "आपण सावली आहोत" अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. मी त्या रस्त्यावर बराच वेळ उभा राहिलो. आपल्याकडे प्रार्थनास्थळ म्हटले की ते आधी कोणाचे होते या प्रश्नावरून गाव पेटते. येथे एक वस्ती कमावती झाली, दुसरीकडे राहायला गेली आणि नव्या गरिबांनी तीच भिंत आपल्या देवासाठी वापरायला घेतली. हे सगळे अगदी प्रेमाने झाले असेल असे मी म्हणत नाही, कारण त्या भागात परक्यांना मारहाणही पुष्कळ झालेली आहे. तरी इमारत पाहावी, आणि पाहताना मशिदीच्या दारातच घोळका करून उभे राहू नये.

आपल्या मंदिरांविषयी थोडक्यात. नीस्डनचे स्वामिनारायण मंदिर १९९५ साली उघडले. त्याचे २६,३०० दगड भारतात कोरून तेथे नेऊन जोडले आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, दुपारी गाभारा बंद असतो आणि स्त्रीपुरुष वेगळे बसतात, तेव्हा वेळा पाहून जावे. मराठी माणसे भेटावीत असे वाटले तर १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत तेथे गेल्यावर घरच्यासारखे वाटते. घरी गणपती बसवायचाच असेल तर लहान मातीचा बसवून बादलीत विसर्जन करावे आणि निर्माल्य थेम्स नदीत टाकू नये. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण पुलावरून पिशवी सोडताना मी आपल्या लोकांना पाहिले आहे.

आणि विदर्भातल्या कोणीही, कोणत्याही घरातल्या मुलाने वा मुलीने, १० किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर जावेच. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडले, त्यापूर्वीचा एक कष्टाळू विद्यार्थी तेथे भेटतो. रस्ता निवासी आणि शांत आहे, म्हणून दारात घोषणा देऊ नयेत; आत थोडा वेळ बसावे. ज्यांना वंदनेला जायचे असेल त्यांच्यासाठी चिझिक भागात श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल यांनी १९२६ साली स्थापन केलेला लंडन बुद्धिस्ट विहार आहे.

राहता राहिले प्रश्न विचारणारे लोक. कॉलेजच्या किंवा नोकरीच्या अर्जात धर्म विचारलेला असतो, पण त्या रकान्यात "सांगू इच्छित नाही" हाही पर्याय असतो आणि तो निवडल्याने काही बिघडत नाही. रस्त्यावर पत्रके वाटणारे प्रचारक भेटतात. पत्रक घेऊन नमस्कार करावा आणि चालू लागावे. रविवारी हाइड पार्कच्या कोपऱ्यावर वेगवेगळ्या धर्मांचे लोक स्टुलावर उभे राहून तावातावाने भांडतात. ते ऐकण्यात गंमत आहे, उत्तर देण्यात नाही, कारण समोरच्याला रोजचा सराव असतो आणि आपल्याला नसतो. मला सर्वांत अवघड गेला तो प्रश्न मात्र गोऱ्या माणसाने विचारलेला नव्हता. खोली शोधताना भारतीय घरमालक आधी शाकाहारी आहेस का विचारायचे आणि मग आडनाव. वर्षभर पोलंडच्या, नायजेरियाच्या, ब्राझीलच्या मुलांनी माझे आडनाव केवळ उच्चारायला कठीण म्हणून विचारले. आपल्या माणसांनी ते का विचारले, हे तुम्हांला माझ्याकडून कळायला नको. अशा ठिकाणी खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हा खंजिरी घेऊन गेले होते. आपण परदेशी जाताना काय घेऊन जातो याचा विचार मी अशाच एका घरमालकाच्या जिन्यावर उभा असताना केला, आणि दुसरी खोली पाहायला गेलो.

शेवटची सूचना फोनची आहे. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचा १ आणि उन्हाळ्यात २. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथले घड्याळ बदलते हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते चुकीच्या वेळी वाट पाहत बसतात. मी जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर बसून, कानाला इअरफोन लावून, दुपट्टा मानेभोवती घट्ट गुंडाळून ती ऐकत असे. आजी फोन मंदिराच्या ओट्यावर पालथा ठेवायची, त्यामुळे चित्र कधी दिसले नाही. आवाज मात्र नीट यायचा, आणि मागे कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घाटी.